पोट शांत, पण छाती पेटलेली : एलिमिनेशन डाएट करताना अ‍ॅसिडिटीचं काय करायचं?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं बोलले तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' कमी केलेत.)

 

आजचा भाग थोडा पोटातला आहे. अगदी शब्दशः. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकाच प्रकारचा मेसेज पाठवलाय. 'ताई, डॉक्टरांनी काही पदार्थ बंद करायला सांगितलेत. गॅस कमी झाला, पण आता छातीत जळजळतंय. हे काय नवीन?' तर हे नवीन नाही. मी यातून गेलेय, अजूनही थोडीफार जातेय, म्हणून आज सविस्तर बोलू या.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी पुण्यात एका कंपनीत सपोर्टचं काम करते, शिफ्ट दुपारी सुरू होते आणि रात्री अकराला संपते. जे सांगणार आहे ते माझ्या डॉक्टरांकडून, आहारतज्ज्ञ मॅडमकडून आणि सहा महिन्यांच्या माझ्या वहीतून आलेलं आहे. तुमचं पोट वेगळं, तुमचे डॉक्टर वेगळे. हे लक्षात ठेवून ऐका.

माझी गोष्ट थोडक्यात

मला दोन त्रास. पहिला, पोट फुगणं. सकाळी जीन्स बसते, संध्याकाळी बटण लागत नाही, असं. सोबत कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. दुसरा, अ‍ॅसिडिटी. म्हणजे जेवण झाल्यावर आंबट पाणी घशापर्यंत येणं, छातीच्या मधोमध जळजळ, रात्री झोपेतून उठवणारा खोकला.

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, गव्हाच्या सीलिअ‍ॅक आजारासाठी रक्ततपासणी, एंडोस्कोपी. मोठं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, 'आतडं संवेदनशील आहे, त्याला आयबीएस म्हणतात. आणि वरची झडप थोडी सैल आहे, तो रिफ्लक्स. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण राहतात एकाच घरात.'

हे वाक्य मला फार आवडलं. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावंडांसारखं आहे ते. एकाला शांत करायला जावं तर दुसरं रडायला लागतं.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवा. सीलिअ‍ॅकची तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. गहू आधीच सोडला असेल तर रक्तातल्या त्या अँटिबॉडी कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून चपाती बंद करायच्या आधी डॉक्टरकडे जा.

एलिमिनेशन डाएट म्हणजे नक्की काय

पोट फुगण्यासाठी मला जे डाएट दिलं त्याचं नाव लो-फॉडमॅप. हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालं. २००५ च्या सुमारास पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड या संशोधकांनी ही कल्पना मांडली. फॉडमॅप म्हणजे काही विशिष्ट प्रकारच्या साखरा आणि कर्बोदकं, जी लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस तयार होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं बरं का. पण आयबीएसवाल्यांचं आतडं त्या ताणाला जास्त ओरडतं.

आता यादी ऐका आणि आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. कांदा, लसूण, गहू : यांत फ्रुक्टन. राजमा, छोले, चवळी, वाल : यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, म्हणजे कडधान्यातला गॅस करणारा भाग. दूध : लॅक्टोज. आंबा, सफरचंद, मध, कलिंगड : यांत फ्रुक्टोज जास्त. फ्लॉवर, मशरूम, शुगर-फ्री च्युइंग गम : यांत पॉलिऑल नावाच्या साखरा.

आलं का लक्षात? मराठी घरातली फोडणीच गेली.

पण महत्त्वाचं हे की हे डाएट तीन टप्प्यांचं आहे. पहिला टप्पा, बंद करणं : साधारण दोन ते सहा आठवडे. दुसरा टप्पा, एकेक पदार्थ परत आणून तपासणं : सहा ते आठ आठवडे. तिसरा, जे सोसतं ते सगळं परत ताटात घेणं. पहिला टप्पा आयुष्यभर करायचा नसतो. इन्स्टाग्रामवर मात्र बहुतेक लोक पहिल्याच टप्प्याबद्दल बोलतात, कारण 'दहा पदार्थ जे कधीच खाऊ नका' याला लाइक जास्त मिळतात.

मग छाती का पेटली?

दुसऱ्या आठवड्यात माझं पोट खरंच शांत झालं. संध्याकाळी जीन्सचं बटण लागायला लागलं. आणि त्याच आठवड्यात जळजळ दुप्पट झाली.

आधी रिफ्लक्स कसा होतो ते समजून घेऊ. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधे एक स्नायूची झडप असते. घास खाली गेला की ती मिटायची. ती सैल पडली किंवा जठरात दाब वाढला, की आम्ल वर येतं. जठराला आम्लाची सवय आहे, अन्ननलिकेला नाही. म्हणून जळजळ. तळकट, चॉकलेट, पुदिना, कॉफी, दारू, सिगारेट यांनी बऱ्याच जणांची झडप सैल होते. पोट गच्च भरलं, घट्ट पट्टा बांधला, जेवून लगेच आडवं झालं, की दाब वाढतो. आणि टोमॅटो, लिंबू, संत्रं हे आधीच चिडलेल्या अन्ननलिकेला झोंबतात.

आता गंमत बघा. फॉडमॅपच्या यादीत काय चालतं? संत्रं चालतं. टोमॅटो बेताने चालतो. शेंगदाणे चालतात. काळी कॉफी चालते. वेफर्स चालतात, बटाट्याचेच आहेत ना! माझ्या वहीत दुसऱ्या आठवड्यात हेच दिसत होतं. चपाती, उसळ, दूध गेलं आणि त्यांच्या जागी बटाटा, दाण्याची चटणी, टोमॅटोचं सार आणि बिनदुधाची कॉफी आली. आहारतज्ज्ञ मॅडमनी वही बघितली आणि म्हणाल्या, 'पोटाच्या यादीप्रमाणे शंभर टक्के बरोबर आहे. पण छातीची यादी वेगळी असते.'

दोन याद्या एकमेकींना कुठे कुठे टक्कर देतात, ते ऐका :

पुदिना. आयबीएसमध्ये पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल देतात, आतड्याचा पीळ सैल होतो. पण तोच पुदिना वरची झडपही सैल करतो. रिफ्लक्स असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

च्युइंग गम. चघळल्याने लाळ वाढते, लाळ आम्ल धुऊन काढते, म्हणून अ‍ॅसिडिटीला बरं. पण शुगर-फ्री गममध्ये सॉर्बिटॉल असतं, आणि चघळताना हवाही गिळली जाते. पोट फुगलंच.

थंड दूध. आपल्याकडचा आवडता उपाय. दोन मिनिटं गार वाटतं, मग जठर पुन्हा आम्ल सोडतं. आणि लॅक्टोज सोसत नसेल तर गॅस वेगळा.

कलिंगड. छातीला थंड, पोटाला बॉम्ब.

अँटासिडचं औषध. मॅग्नेशियमवाल्यांनी पोट सैल होऊ शकतं, कॅल्शियम किंवा अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनी घट्ट. काही पातळ औषधांत गोडीसाठी सॉर्बिटॉल असतं. आणि सोड्याची पुडी पाण्यात टाकली की फसफसतं, तोच गॅस पोटात जातो. ढेकर येते, बरं वाटतं, पण आम्लही सोबत वर येऊ शकतं.

आणि एक लपलेलं कारण : बद्धकोष्ठ. गहू आणि कडधान्यं बंद झाली की तंतू कमी होतात. शौचाला साफ होत नाही, पोटात दाब वाढतो, आणि तो दाब वर झडपेवर येतो. म्हणजे गॅससाठी जे बंद केलं, त्यातूनच जळजळ वाढायला वाट मिळते.

मग ताटात उरलं काय?

हा खरा प्रश्न. 'हे नको, ते नको' सांगणारे पुष्कळ, 'हे खा' सांगणारं कोणी नाही. माझं ताट सांगते.

भाकरी. ज्वारीची आणि नाचणीची. नाचणीत शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आहे, त्यामुळे दूध कमी झालं तरी तेवढी काळजी नाही. मी कोल्हापूरची, भाकरी काही मला नवीन नाही. पण पुण्यात तीन मुलींच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रोज भाकरी थापणं म्हणजे काय ते विचारू नका. रविवारी चार-पाच भाकऱ्या करून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि तव्यावर गरम करायच्या. ताजीची सर नाही, पण चालतं.

भात आणि थोडं मुगाचं वरण. डाळ भिजवून ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. गॅस करणारा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. मोड आलेले मूग मला वाटीभर चालले.

भाज्या : दोडका, पडवळ, गाजर, काकडी, पालक, भेंडी बेताने, वांगं. तेल दोन चमच्यांवर नाही.

प्रथिनं : अंडं, चिकन, मासे. पण तळलेले नाहीत. पापलेटचा तुकडा तव्यावर, थेंबभर तेलात.

फोडणी : हिंग, जिरं, मोहरी, कढीपत्ता, आलं, ओलं खोबरं. हिंगाबद्दल एक टीप. डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. चिमूटभराने माझ्यासारख्याला फरक पडत नाही, पण सीलिअ‍ॅक असलेल्यांनी डबी वाचूनच घ्यावी.

लसणाची चव हवीच असेल तर युक्ती आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसूण तेलात परतायचा, पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलात भाजी करायची. पाकळ्या रश्श्यात टाकून नंतर काढल्या तर उपयोग नाही, कारण रश्श्यात पाणी असतं. आणि हे तेल लागेल तेवढंच ताजं करा, बरणीत भरून बाहेर ठेवू नका, त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. कांद्याच्या चवीसाठी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग.

बाहेर खायचं असेल तर आपल्याकडे एक जादूचा शब्द आहे : 'जैन'. 'भैया, जैन बनाओ' म्हटलं की कांदा-लसूण आपोआप जातो. फक्त जैन म्हणजे कमी तेलकट नव्हे, हे लक्षात ठेवा. तसंच उपवासाचं. साबुदाण्याच्या खिचडीत कांदा-लसूण नसतो, पण तूप, दाणे आणि मिरची एवढी असते की माझी छाती रात्रभर पेटते. वरईचा भात आणि काकडीची कोशिंबीर मात्र दोन्ही याद्यांत पास.

काय खातो, याइतकंच कधी खातो

माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक पदार्थांनी पडला नाही. घड्याळाने पडला.

शिफ्ट रात्री अकराला संपायची, घरी येऊन साडेअकराला जेवण, बाराला बिछाना. आम्ल वर यायला यापेक्षा सोयीची व्यवस्था नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. मग मी मुख्य जेवण ऑफिसातच आठला करायला लागले. डबा. घरी आल्यावर खूपच भूक असेल तर एक केळं, तेही फार पिकलेलं नाही, किंवा दोन तांदळाच्या पोह्यांचे घास. सहकारी हसले. 'काय गं, म्हाताऱ्यांसारखी आठला जेवतेस.' हसू देत.

दुसरं, पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच वर. पायांखाली विटा घातल्या. उशीवर उशी रचून हे होत नाही, कारण त्याने कंबरेत घडी पडते आणि पोटावर उलट दाब येतो. ज्यांना विटा शक्य नाहीत त्यांच्यासाठी उतरती गादी मिळते.

तिसरं, डाव्या कुशीवर झोपणं. जठराची रचना अशी आहे की डाव्या कुशीवर आम्ल झडपेच्या खाली राहतं. फुकटचा उपाय आहे, करून बघा.

चौथं, एका वेळी पोट गच्च भरायचं नाही. आणि पाचवं, जेवताना मोबाइल बाजूला. आता तुम्ही म्हणाल, पॉडकास्टवाली हे सांगतेय! ऐका हो, पण घास चावून खा. रील बघत जेवलं की आपण भराभर गिळतो आणि घासाबरोबर हवाही.

आई, आजी आणि मसाल्याची बरणी

आता थोडं घरचं. कारण डाएट आपण एकट्याने करत नाही, अख्खं घर त्यात ओढलं जातं.

माझी आई दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करते. कोल्हापुरात असाल तर त्याची किंमत तुम्हाला सांगायला नको. मिरच्या निवडण्यापासून कांडपापर्यंत सगळं. त्यातली एक बरणी माझ्या नावाची. मी फोनवर सांगितलं, 'आई, यंदा बरणी पाठवू नकोस.' पलीकडून काही सेकंद आवाजच नाही. मग म्हणाली, 'माझ्या हातचं तुला बाधायला लागलं होय?'

तिला फ्रुक्टन काय सांगणार? मी एवढंच म्हटलं, 'तुझ्या हातचं नाही बाधत गं. कांदा बाधतो. आणि तोही कायमचा नाही, थोडे दिवस बघायचंय.'

मदतीला आली आजी. आजी माळकरी. ती म्हणाली, 'त्यात काय एवढं? आम्ही चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण सोडतो की.' खरंच की! आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करायची, पोटभर कांदाभजी खायची, आणि मग चातुर्मासात कांदा बंद. आणि कित्येक घरांत तो परत कधी येतो? चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याला, वांग्याच्या भरतासोबत. म्हणजे सोडायचं, ठरलेल्या दिवसापर्यंत पाळायचं आणि मग रीतसर परत आणायचं, हे आपल्या घरांना माहीत आहे. तिथे कारण श्रद्धेचं आहे, इथे तपासणीचं, एवढाच फरक. पण आईला ते त्या भाषेत लगेच कळलं. तिने आजीच्या चातुर्मासाच्या भाज्या करून मला व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. आलं-खोबऱ्याचं वाटण घातलेला दोडका मी तिच्याच व्हिडिओवरून शिकले.

तुमच्या घरीही कोणी रुसलं असेल तर 'मला हे चालत नाही' म्हणून थांबू नका. 'अमुक दिवस बंद आहे, मग परत बघू' असं सांगा. घरच्यांना शेवटाची तारीख लागते.

परत आणायचा टप्पा : इथेच खरी परीक्षा

चौथ्या आठवड्यापर्यंत माझं वजन तीन किलोंनी उतरलं होतं. पोट बरं होतं, जळजळ आटोक्यात येत होती, आणि मला काहीच नवीन खायचं नव्हतं. भीती वाटत होती. रूममेट वाढदिवसाला केक घेऊन आली तर मी कामाचं निमित्त करून खोलीत गेले. भाकरी, दोडका, अंडं. एवढंच सुरक्षित जग.

डॉक्टरांनी वजन बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, 'पोट बरं वाटतंय म्हणून इथेच राहायचं नाही. ताट जितकं लहान, तितके आतड्यातले चांगले जिवाणू कमी, आणि तितकी तू अशक्त. पुढच्या सोमवारपासून एकेक पदार्थ परत.' आणि ज्यांना आधी खाण्याबाबतचा मानसिक आजार झालेला आहे, त्यांनी हे डाएट करूच नये, निदान एकट्याने तर नाहीच, हेही त्यांनी सांगितलं.

परत आणायची पद्धत अशी. एका वेळी एकच पदार्थ. तीन दिवस, रोज थोडा वाढवत. मग दोन-तीन दिवस सुट्टी, परत साध्या ताटावर. मग पुढचा पदार्थ. आणि ज्या आठवड्यात पोटाची परीक्षा चालू आहे त्या आठवड्यात कॉफी, टोमॅटो, उशिरा जेवण यांत बदल नाही. नाहीतर त्रास झाला तर कोणामुळे झाला हे कळणार कसं?

वहीत चार रकाने : किती वाजता, काय, किती, आणि त्रास कधी व कसा. 'कधी' हा रकाना सोन्यासारखा आहे. जळजळ बहुतेकदा जेवणानंतर तासा-दोन तासांत किंवा आडवं झाल्यावर येते. फॉडमॅपचा गॅस बराच उशिरा, चार-सहा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. म्हणून रात्री छातीत जळजळलं तर आधी रात्रीच्या जेवणाकडे बघा, आणि सकाळी पोट फुगलं तर आदल्या दिवसाच्या ताटाकडे. पाळीची तारीख, झोप आणि ऑफिसचा ताण हेही कोपऱ्यात लिहा. माझं पोट पाळीच्या आधी भातावरही फुगतं!

माझा निकाल : चपाती, दोनपर्यंत काही त्रास नाही. म्हणजे मी ज्याला वर्षभर दोष देत होते तो गहू सुटला निर्दोष. दूध, अर्धा कप चालतं. तुरीचं वरण, लहान वाटी चालतं. राजमा आणि चवळी, नाही. लसूण, एका पाकळीच्या पुढे नाही. कांदा, शिजवलेला एक चमचा चालतो, अर्धा कांदा नाही. मग छातीची परीक्षा वेगळी : कॉफी उपाशीपोटी नाही, नाश्त्यानंतर अर्धा कप चालते. टोमॅटो दुपारच्या भाजीत चालतो, रात्रीचं सार नाही.

आणि आईचा मसाला? चौघींच्या भाजीत अर्धा चमचा घातला, तीन दिवस. काही झालं नाही. आईला फोन केला, 'बरणी पाठव. छोटी पाठव.' तिने मोठीच पाठवली.

औषधं, आणि कधी धावायचं

अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांबद्दल दोन शब्द. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या पीपीआय गटातल्या गोळ्या जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात. जेवल्यावर जळजळलं म्हणून घेतली तर पूर्ण काम करत नाही. माझा कोर्स आठ आठवड्यांचा होता. मेडिकलमधून स्वतःच घेऊन महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. आणि बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका, जळजळ उसळून येऊ शकते. दोन्हीसाठी डॉक्टरांना विचारा.

घास अडकतोय, गिळताना दुखतंय, वजन कारण नसताना उतरतंय, उलटीत रक्त, शौच डांबरासारखं काळं, हिमोग्लोबिन कमी, सतत उलट्या : यातलं काहीही असेल तर डाएटचे प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. आणि छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप : याला 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून सोड्याची पुडी घेत बसू नका. सरळ हॉस्पिटल. वय पंचविशीचं असलं तरी.

अजून एक. 'रक्ताच्या एका थेंबात दोनशे पदार्थांची टेस्ट' अशा जाहिराती तुमच्याही फोनवर येत असतील. त्या बहुतेक आयजीजी तपासण्या असतात. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाल्लाय याची शरीराने ठेवलेली नोंद, तो बाधतो याचा पुरावा नव्हे. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटना या कामासाठी ही तपासणी करू नका असंच सांगतात. त्या पैशांत आहारतज्ज्ञांच्या दोन भेटी होतील. आणि वही तर फुकटच आहे.

जाता जाता

आज माझं पोट कसं आहे? ठीक आहे. पूर्ण बरं नाही. महिन्यातून दोन-तीन रात्री जळजळ होते, लग्नाची पंगत झाली की दुसऱ्या दिवशी पोट फुगतं. पण आता मला कारण माहीत असतं, त्यामुळे घाबरायला होत नाही. वजन परत आलंय. गेल्या चंपाषष्ठीला घरी होते. भरीत-भाकरी खाल्ली, भरतातला कांदा चमचाभर. आजीने विचारलं, 'सुटला का गं तुझा चातुर्मास?' म्हटलं, सुटला.

तुम्ही आत्ता पहिल्या टप्प्यात असाल तर आजच कॅलेंडर उघडा आणि परत सुरू करायची तारीख टाका. छाती जळत असेल तर आधी रात्रीच्या जेवणाची वेळ बघा, मग पदार्थ. आणि एकट्याने फार काळ हे करत बसू नका.

तुमच्या घरच्या बिनकांदा-लसणाच्या, कमी तेलाच्या भाज्या मला नक्की कळवा, चांगल्या पाच-सहा पुढच्या भागात वाचून दाखवीन. ज्याला ही जळजळ छळतेय अशा मित्राला, मैत्रिणीला हा भाग पाठवा.

चला, आठ वाजत आले. माझी जेवायची वेळ झाली. भेटू पुढच्या भागात. डाव्या कुशीवर झोपा!